'असे समजते' : वृत्तभाषेतील कर्तृलोप

वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्या यांवरील लोकांचा विश्वास ओसरला आहे व तो पुनःप्रस्थापित झाला पाहिजे, या विषयाची चर्चा सामान्यतः मालकी, जाहिरात आणि राजकीय दडपण या तीन अंगांनी केली जाते. क्वचित आकड्यांचा आधार घेतला जातो. ऑक्सफर्ड येथील रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या वार्षिक पाहणीत भारताचा समावेश २०२१ साली झाला. बहुतेक बातम्यांवर विश्वास ठेवता येतो असे म्हणणारे त्या वर्षी ३८ टक्के होते, २०२४ साली ४१ टक्के. ही पाहणी इंग्रजी जाणणाऱ्या आणि महाजालावर बातम्या वाचणाऱ्या वर्गापुरती असल्यामुळे मराठी वाचकाविषयी तीवरून अनुमान काढणे धाडसाचे होईल. परंतु या सर्व चर्चेत बातमीच्या वाक्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. वस्तुतः वाचकाच्या हाती येते ते वाक्यच. त्याने विश्वास ठेवावयाचा तो त्या वाक्यामागे उभ्या असलेल्या कोणावर तरी; आणि तेथे कोणीच उभे नसेल, तर मालकी कितीही शुद्ध असली तरी वाचकाची अडचण दूर होत नाही.

ऐकीव आणि स्वतः पडताळलेली माहिती यांतील भेद दाखविण्याची साधने मराठीत विपुल आहेत. बोलीतील 'म्हणे' हे त्यांतील सर्वांत प्रामाणिक. 'पूल म्हणे खचला' असे सांगणारा मनुष्य एका शब्दात आपली हमी काढून घेतो व ऐकणाऱ्यासही ते तात्काळ कळते. याहून सूक्ष्म भेद 'हे' आणि 'असे' या दोन शब्दांनी साधला जातो. 'पूल खचला हे अभियंत्याला कळले' या वाक्यात पूल खचला ही गोष्ट सांगणाऱ्याला मान्य आहे. 'पूल खचला असे अभियंत्याला कळले' या वाक्यात ती मान्यता नाही. अभियंत्याच्या कानी काय आले एवढेच सांगितले आहे. लिहिता न येणारा मराठी भाषकही हा भेद चुकत नाही.

आता वृत्तपत्रीय रूप पाहावे: 'पूल खचल्याचे समजते.' येथे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. पहिली म्हणजे 'हे' आणि 'असे' यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंगच टळला आहे. 'खचल्याचे' हे षष्ठ्यंत रूप आपल्यामागे 'वृत्त' किंवा तत्सम एखादे नपुंसकलिंगी नाम गृहीत धरते. ते वृत्त खरे की केवळ कानी आलेले, याविषयी ते मौन पाळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'कळणे' व 'समजणे' या क्रियापदांना अनुभव घेणारा लागतो आणि तो चतुर्थीत येतो: मला कळते, तिला समजते. 'असे समजते' या वाक्यात ही चतुर्थी गळाली आहे. कोणाला समजते? बातमीदाराला, संपादकाला, की गावातील चार लोकांना? 'आमच्या बातमीदारास असे कळते' या जुन्या वळणाच्या वाक्यात निदान बातमीदार तरी होता. त्याला गाळल्यामुळे वाक्य 'म्हणे'इतकेच ऐकीव राहिले. परंतु 'म्हणे'ने वाचकाला जी सावधगिरीची सूचना मिळाली असती ती नाहीशी झाली, आणि तिच्या जागी अधिकारवाणीचा भास आला. 'म्हणे' लिहिण्याची शिष्ट वृत्तलेखनाला लाज वाटते. 'समजते' लिहिण्याची वाटत नाही.

'बोलले जाते', 'मानले जाते', 'आरोप केला जात आहे' ही रूपे याच कुळातील होत. मराठीच्या स्वाभाविक कर्मणि प्रयोगात कर्ता तृतीयेत का होईना, वाक्यात असतो किंवा संदर्भावरून सहज सापडतो: 'पोलिसांनी तरुण पकडला'. 'जाणे' या साहाय्यक क्रियापदाने बनणाऱ्या, व्याकरणकार ज्याला नवीन कर्मणि किंवा कर्मकर्तरी म्हणतात त्या प्रयोगाचा सगळा उपयोगच कर्त्यावाचून भागविण्यात आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून प्रयोगांची चर्चा मराठीत हिरिरीने चालत आली. परंतु प्रयोगाची निवड ही जबाबदारीचीही निवड असते, हा विचार त्या चर्चेच्या कक्षेत क्वचितच आला. केवळ इंग्रजी वळणाचा म्हणून या प्रयोगास दोष देणे मात्र सोपे आणि निरुपयोगी आहे. कर्ता खरोखर अज्ञात असतो तेथे तो उपयुक्तच ठरतो. आक्षेप आहे तो ज्ञात कर्ता लपविण्यासाठी केलेल्या योजनेवर.

याच्या उलट टोकाचा दोष कमी लक्षात येतो, आणि तो अधिक घातक आहे. 'म्हटले', 'सांगितले' ही उदासीन क्रियापदे सोडून 'स्पष्ट केले', 'निदर्शनास आणून दिले', 'खुलासा केला' यांचा सर्रास उपयोग होतो. 'निधी वळविलेला नाही, असे मंत्र्यांनी स्पष्ट केले' या वाक्यात बोलणारा मंत्री असला, तरी त्याच्या बोलण्यावर शिक्का मारणारे वृत्तपत्र आहे; कारण जे स्पष्ट होते ते आधीपासून खरे असावे लागते. विरोधकाचे विधान असले की तेच वृत्तपत्र 'दावा केला' असे लिहिते. दोन्ही विधानांची छाननी झालेली नसताना एकाच्या वाट्याला सत्य आणि दुसऱ्याच्या वाट्याला संशय येतो, तोही एका क्रियापदाने. गुन्ह्याच्या बातम्यांत याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात. 'चौकशीत निष्पन्न झाले' या तीन शब्दांत पोलिसांचे म्हणणे न्यायालयाचा निर्णय होऊन बसते. पुढे तो मनुष्य निर्दोष सुटला, तरी त्याच्या शेजाऱ्यांच्या स्मरणात 'निष्पन्न'च राहते. 'कथित' हे विशेषण जोडून ही हानी भरून निघत नाही. ते बहुधा गैरव्यवहारास लागते, तो केल्याचे म्हणणाऱ्यास लागत नाही.

कर्तृलोपाची परिसीमा गाठली गेली ती विकत घेतलेल्या बातम्यांत. २००९ सालच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या काळात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकच मजकूर जसाच्या तसा बातमी म्हणून छापला गेला, हे पी. साईनाथ यांनी त्या वर्षी दाखवून दिले. (हे मुद्दामच लिहिले आहे, असे नव्हे.) व्यवहाराची नीती बाजूला ठेवून पाहिले तरी त्या प्रकाराचा भाषिक बोध मोठा आहे. जाहिरातीतील वाक्याला बोलणारा असतो. तो आपला माल विकतो आहे हे वाचक जाणतो. तेच वाक्य बातमीच्या स्तंभात आले की बोलणारा नाहीसा होतो आणि वाक्य जणू आपोआप खरे बनते. ज्यासाठी पैसे मोजले जातात ते हे नाहीसे होणे. भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० साली या विषयावर सविस्तर अहवाल दिला. परिषदेने मात्र प्रारंभी त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ साली उपलब्ध झाला. मूळ अहवालात वृत्तपत्रांची नावे होती. ज्या दोषाचा विचार करावयाचा, तोच त्या विचाराच्या प्रकाशनातही डोकावला.

कायद्याला मात्र कर्त्याचे महत्त्व प्रथमपासून ठाऊक होते. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी अधिनियमाने प्रत्येक अंकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले. त्या अधिनियमाची जागा २०२३ च्या नव्या अधिनियमाने घेतली. परंतु अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, ही ओळ मराठी दैनिकांच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. संबंध अंकात कर्ता, क्रिया आणि स्थळ यांनी परिपूर्ण असे एखादेच वाक्य शोधावयाचे झाल्यास पुष्कळदा याच ओळीपाशी यावे लागेल.

यावर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. माहिती देणाऱ्याचे नाव उघड केल्यास त्याची नोकरी, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. मग कर्ता कसा सांगावा? परंतु नाव झाकणे आणि कर्ता नाहीसा करणे या भिन्न क्रिया आहेत. 'ज्यांनी संबंधित कागद पाहिले अशा, नाव न देण्याची विनंती करणाऱ्या एका अधिकाऱ्याने सांगितले' या वाक्यात नाव नाही. तरीही माणूस आहे, त्याच्या माहितीचे मूळ आहे आणि नाव का नाही याचे कारणही आहे. 'सूत्रांनी सांगितले' या वाक्यात यांतील काहीच नाही. किंबहुना 'सूत्रे' हे अनेकवचनही तपासण्याजोगे आहे. एका माणसाच्या सांगण्यास त्याने समुदायाचे वजन येते. पहिल्या वाक्याला जागा अधिक लागते हे खरे. मथळ्यात तर ती नसतेच, आणि तेथे अवतरणचिन्हांवर भागवावे लागते.

उरतो प्रश्न चूक दुरुस्त करण्याचा. विश्वास परत मिळविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग हाच असल्याचे सर्व सांगतात, आणि दुरुस्तीच्या चौकटीत लिहितात: 'अनवधानाने चुकीचे नाव छापले गेले.' येथेही 'गेले' आहे. कोणाच्या अनवधानाने, मूळ बातमी कोणत्या दिवशी व कोणत्या पानावर होती, चुकीमुळे कोणाचे काय बिघडले, यांपैकी काही नाही. मराठी मुद्रणसृष्टीने पूर्वी मुद्राराक्षस नावाचा एक कर्ता निर्माण करून ठेवला होता. खिळे जुळविणाऱ्याच्या चुका विनोदाने त्याच्या माथी मारल्या जात. खिळे गेले, तो राक्षसही गेला, आणि त्याची जागा रिकामीच राहिली. 'दिनांक अमुकच्या अंकात पान तीनवर आम्ही अमुक यांना आरोपी म्हटले; ते साक्षीदार आहेत; ही चूक आमच्या वृत्तसंपादन विभागाची आहे' असे लिहिण्यास मराठी व्याकरणाची कोणतीही हरकत नाही.