'लागणे' आणि 'देणे' : नोकरीविषयक राजकीय दावे आणि तीन भारतीय कलाकृती

रोजगाराविषयीच्या राजकीय दाव्याला स्वतःचे एक व्याकरण असते. 'रोजगार देऊ', 'रोजगार निर्माण केले', 'रोजगार हिरावले गेले' या तिन्ही विधानांत कोणी तरी कर्ता गृहीत धरलेला असतो आणि रोजगार ही मोजता येणारी वस्तू ठरते. मराठी घरातला प्रश्न मात्र 'नोकरी लागली का?' असा असतो. या 'लागणे'त देणारा कोणीच नाही. ज्याला नोकरी लागते त्याचेही कर्तेपण त्यात लुप्त होते. दाव्याची भाषा आणि अनुभवाची भाषा यांच्यातील ही तफावत भारतीय साहित्यात व चित्रपटात कशी उमटते, हे तौलनिक दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

१९६०च्या दशकातील मुंबई हे दाव्याच्या भाषेचे ठळक उदाहरण होय. 'मार्मिक' साप्ताहिकाने आस्थापनांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्या याद्यांनी १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेची भूमी तयार केली. संहिता म्हणून या याद्या लक्षणीय आहेत. त्यांत नोकरी असलेल्याला नाव मिळते, नोकरी नसलेला मात्र अनामिक समूह म्हणून उरतो. नोकऱ्यांची संख्या ठरलेली आहे आणि एकाची नोकरी म्हणजे दुसऱ्याची बेकारी, हे गृहीतक त्यांच्या मुळाशी आहे. नोकऱ्या कमी का आहेत, हा प्रश्न यादीच्या आकृतिबंधात मावतच नाही.

सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेला सत्यजित राय यांचा 'प्रतिद्वंद्वी' (१९७०) हा चित्रपट त्याच काळातील कलकत्त्याचा आहे. येथे अनामिक बेकाराला सिद्धार्थ हे नाव आणि चेहरा लाभतो. वडिलांच्या मृत्यूमुळे त्याचे वैद्यकीय शिक्षण सुटले आहे. दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, या मुलाखतीतील प्रश्नावर तो चांद्रविजयाऐवजी व्हिएतनामचे युद्ध हे उत्तर देतो. पुढे उकाड्यात ताटकळणाऱ्या उमेदवारांना बसायला खुर्च्याही मिळत नाहीत, तेव्हा त्याचा संताप उफाळून येतो. यादीच्या तर्कानुसार शेजारी उभा असलेला उमेदवार हा प्रतिस्पर्धी ठरला असता. सिद्धार्थाचा संताप मात्र त्याच्यावर न वळता दाराआडच्या निवड करणाऱ्यांवर वळतो. शीर्षकाचा रोख त्यामुळे पालटतो.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाची पार्श्वभूमी वेगळी आहे. गिरणीतील नोकरी ही निवडीपेक्षा नात्यागोत्याच्या ओळखीने मिळणारी, बापाकडून मुलाकडे सरकणारी गोष्ट होती. कोकणाने मुंबईला जाणाऱ्यासाठी 'चाकरमानी' हा शब्द घडवला. एरवी मराठीत हीनत्व सुचवणारी 'चाकरी' त्यात मानाची होते. बंगालीत 'चाकरि' हा नोकरीसाठीचा रोजचा शब्द असल्याने हा अर्थपालट तेथे संभवत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही त्यात होती. बदली कामगार रोज गिरणीच्या दाराशी येई आणि कोणी गैरहजर असेल तरच कामावर घेतला जाई. 'रोजगार' आणि 'बेकारी' या दोनच खणांत त्याची स्थिती बसवता येत नाही. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. 'अधांतर'मधील चाळीच्या खोलीत ही न संपलेली अवस्थाच नाट्यरूप घेते. मुलांसमोर वारशाची वाट बंद झालेली आहे आणि नरू गुन्हेगारीच्या वाटेला लागतो. सिद्धार्थाला प्रवेश नाकारला जातो, तर येथे परतण्याची जागाच नाहीशी होते. 'नवे रोजगार' हा दावा या खोलीला उत्तर देऊ शकत नाही, कारण तिने गमावलेली गोष्ट केवळ पगाराची नाही.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीतील एकनाथ हा विदर्भातील शेतकऱ्याचा उच्चशिक्षित मुलगा. अध्यापकाची नोकरी पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही, आणि शेती तो पैसा देऊ शकत नाही. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण येथे पूर्ण उलटते. महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण माणसाला मागेल तेव्हा अंगमेहनतीचे काम देण्याचे दायित्व शासनावर टाकले. रोजगाराविषयीचे सगळेच राजकीय शब्द पोकळ नसतात, याचा हा पुरावा होय. तथापि त्या हमीत 'काम' आहे, 'नोकरी' नाही. एकनाथाची कोंडी नेमकी या दोन शब्दांमधील अंतरात आहे.

निवड, वारसा आणि खरेदी अशी ही तीन दारे आहेत. राजकीय दावा त्यांना 'रोजगार' या एकाच शब्दाखाली आणतो आणि म्हणूनच त्याला बेरीज करता येते. या कलाकृतींचे मोल त्या बेरजेला खोटे ठरवण्यात नाही, ते आकडेवारीचे काम आहे. कोणत्या दारापाशी कोण किती काळ उभा आहे, हे त्या दाखवतात. बेकारीचे साहित्य 'सामाजिक समस्येचे चित्रण' या एकाच सदरात टाकणारी समीक्षाही दाव्याचीच बेरीज करते. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाने ही दारे वेगवेगळी वाचली, तरच 'लागणे' या क्रियापदातील असहायतेचा अर्थ हाती येईल.