जिओजेब्रामधील स्प्रेडशीट : उपयुक्तता आणि मर्यादा – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

गणिताच्या अध्यापनात आकृती आणि समीकरण यांची सांगड घालणाऱ्या संगणक प्रणालींमध्ये जिओजेब्राचे स्थान महत्त्वाचे आहे. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ च्या सुमारास या प्रणालीचा आरंभ केला. २००९ मध्ये, ३.२ या आवृत्तीत, तिच्यामध्ये स्प्रेडशीटचा समावेश झाला. या स्प्रेडशीटमधील संख्या विद्यार्थ्याला सिद्धतेकडे नेतात, की सिद्धतेची गरजच उरली नाही असे भासवतात, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

सेल आणि आकृती

१९७९ मधील व्हिजिकॅल्कपासून स्प्रेडशीट हे प्रामुख्याने हिशेबाचे साधन म्हणून ओळखले गेले. जिओजेब्रातील सेल मात्र केवळ संख्येची जागा नव्हे. ए१ या सेलमध्ये (२, ३) असे लिहिताच आलेखावर ए१ नावाचा बिंदू उमटतो आणि तो बिंदू ओढला असता सेलमधील सहनिर्देशकही बदलतात. सेलमध्ये फलन किंवा वर्तुळही ठेवता येते. एकच गणिती वस्तू दोन रूपांत समोर राहणे, हे या साधनाचे खरे बलस्थान होय.

आकृतीतील बदलत्या राशींची नोंद स्प्रेडशीटमध्ये आपोआप घेण्याची सोयही येथे आहे. २० एकक परिमितीचा आयत घेऊन त्याचा एक शिरोबिंदू ओढल्यास लांबी आणि क्षेत्रफळ यांचे दोन स्तंभ भरत जातात. त्यांतील जोड्यांचे बिंदू आलेखावर मांडले की अन्वस्त दिसतो आणि द्विघाती बहुपदी जुळविण्याची आज्ञा दिल्यास १०क्ष − क्ष² हे सूत्रही मिळते. इतके सारे विनासायास हाती आल्यावर विद्यार्थी तेथेच थांबण्याची शक्यता अधिक. वस्तुतः लांबी क्ष असेल तर रुंदी १० − क्ष असते आणि क्षेत्रफळ २५ − (क्ष − ५)² असे लिहिता येते. महत्तम क्षेत्रफळ २५ का, याचे उत्तर या मांडणीत आहे, स्तंभात नाही. शिवाय बिंदू हाताने ओढताना लांबी नेमकी ५ होईलच असे नाही. ४.९८ नंतर थेट ५.०३ ची नोंद झाली, तर ज्या आयताचा शोध चालला आहे तोच कोष्टकातून निसटतो.

दोन दशांश स्थळांचा प्रश्न

याहून गंभीर अडचण संख्यांच्या प्रदर्शनाची आहे. जिओजेब्रा क्लासिकमध्ये संख्या मुळात दोन दशांश स्थळांपर्यंत दाखविल्या जातात. ए१ मध्ये १ आणि ए२ मध्ये (ए१ + २/ए१)/२ हे सूत्र लिहून ते खाली ओढत नेल्यास १, १.५, १.४२, १.४१, १.४१ अशी क्रमिका दिसते. चौथ्या सेलपासून संख्या बदलत नाही, म्हणजे २ चे वर्गमूळ मिळाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज साधा नाही. अपरिमेय संख्या आणि सीमा या दोन्ही संकल्पनांना तो मुळातच बाधा आणतो.

पंधरा दशांश स्थळे दाखविण्याचा पर्याय निवडला की चित्र पालटते. पाचवा सेल प्रत्यक्ष वर्गमूळापासून बाराव्या दशांश स्थळी वेगळा पडतो. चौथ्या सेलमधील संख्या तर ५७७/४०८ ही आहे. बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी दिलेले मूल्य नेमके हेच असून तेथे ‘सविशेष’ हा शब्द योजलेला आहे. हे मूल्य अचूक नसल्याची जाणीव त्यातून सूचित होते, असे काही अभ्यासक मानतात. दोन स्थळांवर थांबलेल्या सेलमध्ये अशा जाणिवेला जागा नाही.

दोष सर्वस्वी साधनाचा मानणे मात्र उचित ठरणार नाही. याच स्प्रेडशीटमध्ये अंश प आणि छेद फ यांचे स्वतंत्र स्तंभ करून पुढील ओळीत प² + २फ² आणि २पफ ही सूत्रे लिहिल्यास १/१, ३/२, १७/१२, ५७७/४०८, ६६५८५७/४७०८३२ हे अपूर्णांक मिळतात. तिसऱ्या स्तंभात प² − २फ² काढले असता पहिल्या ओळीत −१ आणि नंतर प्रत्येक वेळी १ येतो. हा फरक शून्य का होत नाही, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा, इतके काम हा स्तंभ निश्चित करतो. नव्या अंश-छेदांसाठीचा फरक हा आधीच्या फरकाचा वर्ग असतो, एवढे बीजगणिताने दाखविले की उत्तर पूर्ण होते. ते वहीतच दाखवावे लागते. सहाव्या ओळीपर्यंत गेल्यास वर्ग चोवीस अंकी होतात. सेलमधील गणित सुमारे सोळा सार्थ अंकांपुरतेच विश्वसनीय असल्याने त्या ओळीतील फरकावर विसंबता येत नाही, आणि अचूक पूर्णांकांसाठी २०१२ च्या ४.२ या आवृत्तीत आलेल्या सीएएस या स्वतंत्र विभागाकडे वळावे लागते.