नऊवारीचा ‘वेश’ होताना : लावणीच्या पेहरावाचा पुनर्विचार

लावणीवरील मराठी लेखन विपुल आहे. शाहिरांची चरित्रे, रचनेचे काव्यगुण, शृंगाराच्या मर्यादा, तमाशाचे सामाजिक स्थान या विषयांवर अभ्यासकांनी साक्षेपाने लिहिले आहे. पेहरावाचा विषय मात्र नर्तिका पारंपरिक नऊवारी नेसते एवढ्यावर आटोपतो. प्रस्तुत लेखात या ‘पारंपरिक’ शब्दाची तपासणी अभिप्रेत आहे. नऊवारी हा लावणीचा वेश केव्हापासून झाला, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

नृत्यवेशाची चर्चा निघाली की शिवलेले वस्त्र पाश्चात्त्य आणि नेसलेले वस्त्र भारतीय, अशी विभागणी सहज केली जाते. मराठवाड्यातील वाचकाला तिचा फोलपणा घराजवळच पाहता येतो. चिकलठाण्याहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मध्ये महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तिका आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा शिवलेला कपडा दिसतो. औरंगाबाद लेण्यांतील क्रमांक ७ मध्ये स्त्री-वादकांच्या मधोमध नाचणारी स्त्री मात्र अल्पवस्त्र आहे. एकाच परिसरात, कालदृष्ट्या फारशी दूर नसलेली ही दोन रूपे पाहता परंपरेच्या नावाने एकच वस्त्र पुढे करणे कठीण होते.

तुलनेसाठी युरोपातील बॅलेच्या टूटूचा इतिहास उपयोगी पडतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या ऑपेरात नाचणाऱ्या मारी कामार्गो हिने दरबारी घागरा काही बोटे वर घेतला, तो प्रेक्षकांना पावलांचे जलद काम दिसावे म्हणून. १८३२ मध्ये ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी टाग्लिओनी पोटऱ्यांपर्यंत येणाऱ्या पांढऱ्या झिरझिरीत घागऱ्यात आली. त्याची घडण तत्कालीन स्त्रियांच्या मेजवानीच्या पोशाखापासून फार लांब नव्हती. शतकाच्या अखेरीस इटालियन नर्तिकांचे तंत्र अवघड झाले, गिरक्या वाढल्या आणि घागरा आखूड होत कमरेभोवती आडवा पसरला. असे वस्त्र आता रस्त्यावर कोणतीही स्त्री घालत नव्हती. नृत्याचा कपडा आणि नित्याचा कपडा यांची ताटातूट झाली, तेव्हाच टूटू पूर्णार्थाने ‘वेश’ झाला. या इतिहासाला दाहक बाजूही आहे. पॅरिसमधील एमा लिव्री हिच्या घागऱ्याने १८६२ मध्ये तालमीच्या वेळी गॅसच्या दिव्यावर पेट घेतला व पुढील वर्षी तिचा मृत्यू झाला. आग रोखणारे रसायन लावलेले कापड ताठ व मळकट दिसते, म्हणून तिने ते नाकारले होते. नृत्यवेश हा शोभेपुरता विषय नाही, हे यावरून ध्यानात यावे.

हीच कसोटी नऊवारीला लावली तर वेगळे चित्र दिसते. सुमारे सव्वाआठ मीटरचे हे वस्त्र कमरेला गाठ मारून, निऱ्या घालून, मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचले जाते. या काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे होतात, तरी झाकलेलेही राहतात. शेतात खुरपणारी, डोक्यावर भारा घेऊन बांध ओलांडणारी स्त्री याच कारणासाठी असे नेसत होती. लावणीला ही सोय आयती लाभली. घुंगरांचे वजनदार चाळ बांधून केलेला पदन्यास, फेर, एकदम बसून उठणे, हे सारे काष्ट्याशिवाय अवघड आहे. बॅलेने पाय दिसावेत म्हणून कापड कापले. लावणीला ते कापावे लागले नाही, कारण ते मुळात कष्टाचे वस्त्र होते. समीक्षेने त्यातील शृंगार पाहिला. श्रमाकडे तिचे लक्ष गेले नाही.

आणखी एक गुंतागुंत आहे. पेशवाईतील शाहिरांनी शालू, चोळी, नथ यांची वर्णने भरभरून केली. परंतु फडावर ते लेणे बहुधा नाच्या पोऱ्याच्या अंगावर असे. म्हणजे लावणीत नऊवारी प्रथम ‘वेश’ झाली ती पुरुषाच्या देहावर. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकरीण उभी राहिली, तेव्हा स्त्री आपल्या नेहमीच्याच वस्त्रात प्रेक्षकांसमोर आली. त्याच सुमारास संगीत रंगभूमीवर बालगंधर्व उंची साड्या नेसून स्त्रीभूमिका करीत होते आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करीत होत्या. पवळेचे अनुकरण करावे, असे त्या घरांना वाटणे शक्य नव्हते. काष्टा तोच होता. एकीकडे तो कुलीन ठरला, दुसरीकडे चाळवणारा. हा निवाडा कापडावरून झालेला नसून नेसणारीच्या जातीवरून आणि व्यवसायावरून झालेला आहे. तमाशातील ‘अश्लील’ पेहरावाविषयीचे जुने आक्षेप वाचताना हे विसरता कामा नये.

पुढे शहरांत, मग गावांतही सहावारी गोल साडी रूढ झाली. नऊवारी आजीच्या पिढीपुरती उरली आणि नेमकी तेव्हाच ती लावणीची ओळख म्हणून ठसठशीत झाली. चित्रपटांनी या प्रक्रियेला वेग दिला. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पासून ‘पिंजरा’ (१९७२) व ‘नटरंग’ (२०१०) पर्यंत पाहत आले तर काठ, चमक आणि रंगसंगती यांचे महत्त्व वाढत गेल्याचे दिसते. टूटूच्या बाबतीत घडलेली ताटातूट येथे उलट्या वाटेने झाली. बॅलेत वेश रस्त्यापासून दूर गेला; लावणीत वेश जागच्या जागी राहिला आणि रस्ता दूर गेला.

या प्रवासाचा आजचा टप्पा म्हणजे शिवलेली नऊवारी. निऱ्या व काष्टा आधीच शिवलेले, कमरेला नाडी वा इलॅस्टिक. तिच्यावर अस्सल नसल्याचा ठपका ठेवणे सोपे आहे, पण एका कार्यक्रमात चार-पाच वेळा पेहराव बदलावा लागणाऱ्या नर्तिकेला तो ठपका परवडणारा नाही. नेसता न येणाऱ्या मुलींनाही तिच्यामुळे नऊवारी घालता येते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत दुचाकीवरून निघणाऱ्या तरुणी हे वस्त्र संस्कृतीचे चिन्ह म्हणून मिरवतात. ज्या कलावतींनी ते बोर्डावर टिकवले, त्यांचा उल्लेख तेथे सहसा होत नाही.

खरा तोटा पदराचा आहे. बैठकीच्या लावणीत नर्तिका बसूनच अदाकारी करते. एकाच ओळीचे अनेक अर्थ डोळ्यांनी, बोटांनी आणि पदराने उलगडते. पदर डोक्यावर येतो, ओठांपाशी धरला जातो, ढळतो, सावरला जातो. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्यासारख्या कलावतींनी ही परंपरा दीर्घकाळ सांभाळली. मोजून शिवलेला आणि खांद्याला टाचणीने पक्का केलेला पदर या कामी येत नाही. उभ्या, वेगवान लावणीत ही उणीव जाणवत नाही, त्यामुळे तिची चर्चाही होत नाही. पदराची भाषा विसरली गेली तर अदाकारीच्या नोंदी पुढील अभ्यासकाला अर्ध्याच वाचता येतील.

या संदर्भात जतनाची अडचण वेगळ्याच स्वरूपाची आहे. टूटू काचेच्या कपाटात ठेवला तरी टूटूच राहतो. फ्रान्समध्ये मुलँ येथे २००६ पासून रंगमंचीय वेशांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. नऊवारी संग्रहालयात घडी घालून ठेवली की ती केवळ लांब कापड उरते. तिचा वेश नेसणारीच्या हातात असतो. संगीत बारीतील वयस्क कलावती गाठ कोठे मारतात, काष्टा किती ताणतात, बैठकीसाठी पदर किती लांब सोडतात आणि खड्या लावणीसाठी किती, याची नोंद त्यांच्या नावानिशी, त्यांच्याच शब्दांत आणि मापांसह करणे आवश्यक आहे. विद्यापीठांतील नाट्यशास्त्र व मराठी विभागांना हे काम एकत्र येऊन हाती घेता येईल. त्याला यंत्रसामग्री लागत नाही, मात्र त्या कलावतींच्या वयाकडे पाहता वेळ थोडा आहे.