अंग अकोल्याचं, आवाज टेपवरचा

'जाणता राजा' पाहून आलेला माणूस आधी हत्ती-घोड्यांबद्दल बोलतो. त्यात काही चूक नाही. बाबासाहेब पुरंदरेंनी १९८५ साली हे महानाट्य उभं केलं तेव्हापासून त्याची ताकद तिथंच आहे. किल्ल्यासारखा मजल्यांचा फिरता रंगमंच, दोनेकशे कलावंत, समोरून खरंच दौडत येणारे घोडे, गोंधळ, पोवाडे आणि शेवटी राज्याभिषेक. शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षानिमित्त सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोग लावले. जन्मात कधी नाट्यगृहाची पायरी न चढलेली माणसंही अशा प्रयोगाला लेकरं-बाळं घेऊन मैदानात बसतात. आपल्या एकाही प्रबंधानं एवढी माणसं इतिहासाजवळ आणली नसतील, हे आधी कबूल करू आणि मग टीकेला लागू.

इतिहासाचे विद्यार्थी अशा प्रयोगाबद्दल बहुधा एकच प्रश्न विचारतात, 'हे खरं घडलं होतं का?' मला हा प्रश्न कामाचा वाटत नाही. हो किंवा नाही म्हटलं की तो संपतो. त्यापेक्षा असं विचारा: हा प्रसंग कशावरून उभा केला, आणि जिथं कागद गप्प आहे तिथं काय भरलं?

उदाहरण हत्तीचंच घेऊ. जून १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. त्यानं लिहून ठेवलंय की वाड्याच्या दाराशी दोन हत्ती उभे होते आणि इतक्या अवघड वाटेनं ते वर आणले कसे याचंच त्याला नवल वाटलं. म्हणजे कागद आपल्याला दोन गोष्टी देतो, हत्ती आणि नवल. प्रयोगात हत्ती येतो, टाळ्या पडतात, पण नवल बाहेरच राहतं. हत्ती लहान असतानाच वर नेले असं लोक सांगतात, तो तर्क आहे. वाट कशी होती, ओझी कोण वाहत होतं, गडावर चारा-पाणी कुठून येत होतं, हे संशोधकाचे प्रश्न त्या नवलातूनच निघतात.

तारखेचंही तसंच. ६ जून १६७४ ही तारीख त्या काळच्या इंग्रजी, म्हणजे ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या कॅलेंडरनं ती १६ जून होते. रायगडावर एक सोहळा ६ जूनला होतो आणि दुसरा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. कोणता खरा यावर भांडण्यापेक्षा कोण कोणतं पंचांग निवडतं आणि का, हा जास्त चांगला विषय आहे. कुणाला पेटनंतर विषय सुचत नसेल तर घ्या, माझी काही हरकत नाही.

शिवाय राज्याभिषेक एक नव्हता. गागाभट्टांच्या हातचा वैदिक विधी जूनमध्ये झाला, आणि २४ सप्टेंबर १६७४ ला निश्चलपुरी गोसावींनी तांत्रिक पद्धतीनं दुसरा केला. 'शिवराज्याभिषेककल्पतरू' हा संस्कृत ग्रंथ त्याच दुसऱ्या विधीबद्दल आहे. मधल्या काळात, पहिल्या राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, जिजाऊ गेल्या. आता नाटकाला शिखर एकच लागतं. सिंहासनावर बसलेल्या राजाला तीन महिन्यांनी पुन्हा बसवायचं तर प्रेक्षक गोंधळणार. म्हणून ही नाटककाराची लबाडी नाही, त्या प्रकाराचीच गरज आहे. पण नाटकाची गरज आणि इतिहासाचा पुरावा यांतला फरक कळला नाही, तर आपला सिनॉप्सिसही महानाट्यच होतो.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, आवाजाचा. या प्रयोगात संवाद आणि संगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं आणि कलावंत त्यावर अभिनय करतात. प्रयोग ज्या गावी जातो तिथली बरीच पोरं-पोरी मावळे, गोंधळी, दासी म्हणून घेतली जातात. एवढ्या मोठ्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला दुसरा उपायही सोपा नाही, मान्य. पण परिणाम काय होतो बघा. अंग अकोल्याचं, आवाज टेपवरचा. 'मले', 'तुले' म्हणणारं पोरगं तलवार उपसतं आणि स्पीकरमधून छापील मराठी येते. सतराव्या शतकातली बोली अशी एकसारखी नव्हती. राज्यकारभाराच्या भाषेत फारसी शब्द इतके होते की त्यांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' महाराजांना करवून घ्यावा लागला. त्या कोशाचं असणं हाच त्या मिसळीचा पुरावा आहे. प्रयोग आपल्याला कपडे जुने दाखवतो, भाषा मात्र आपलीच, तीही शाळेतली.

जर्मनीत रोथेनबुर्ग नावाचं जुन्या तटबंदीचं गाव आहे. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ मध्ये, एका माजी महापौरानं सव्वातीन लिटर वाईन एका दमात पिऊन गाव वाचवलं, असा प्रसंग तिथं दरवर्षी वेशभूषेसह करतात. ही दंतकथा आहे. पक्कं आहे ते त्यावरचं १८८१ सालचं नाटक. म्हणजे गाव १६३१ चा सोहळा करतं आणि अभ्यासकाच्या हाती एकोणिसावं शतक लागतं. 'जाणता राजा'सुद्धा १९८० च्या दशकातल्या महाराष्ट्राचं साधन म्हणून कुणीतरी नीट वाचायला पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. अकोटच्या पुढे, तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. इंग्रजी कागदांत ते 'अरगाव' होतं. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथं नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. तीन आठवड्यांत आपल्या मुलखाचा धनी बदलला. याचं महानाट्य कुणी करत नाही, कारण जिंकणारा आपला नाही.

आणि करायचं ठरवलंच तर अडचण पुन्हा आवाजाचीच. सुरुवातीला तोफा सुरू झाल्यावर वेलस्लीचे काही शिपाई पळत सुटले, त्यानं त्यांना परत वळवलं. हे आपल्याला त्याच्याच पत्रावरून कळतं. म्हणजे पराभूतांच्या रणांगणावर टेप जिंकणाऱ्याची वाजते. नोव्हेंबर संपत आलेला, शेतात पीक उभं असणार. त्या वावराचा मालक कोण होता आणि फौज गेल्यावर त्यानं काय केलं?

एक करून बघा. अडगावच्या लढाईचा दोन पानांचा प्रवेश लिहा. कागदातून आलेलं वाक्य निळ्या शाईनं, तुम्ही भरलेलं लाल शाईनं. मग पान गाईडला दाखवायच्या आधी लाल किती झालं ते मोजा, आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे ते तपासायला कोणत्या दप्तरात जावं लागेल ते लिहा. नागपूरकरांचे मराठी-फारसी कागद, हैदराबादचे कागद, वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांमधली मोडी बाडं. मोडी येत नसेल तर ती आधी शिकावी लागेल.