आवर्तनांचें गाणें आणि चित्राची साक्ष

एकट्यानेंच सारी मैफल उभी करावी, ही हौस कांहीं आजची नाहीं. अमेरिकन वादक लेस पॉल यानें गिटारचे आठ भाग घरच्या गॅरेजमध्यें एकामागून एक वाजवून एकावर एक बसविले. ती 'लव्हर' नांवाची तबकडी १९४८ सालीं निघाली. पुढें रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो या इंग्रज जोडीनें एकच फीत दोन टेप-यंत्रांतून फिरवून वाजविलेला स्वर कांहीं सेकंदांनीं परत आणला, व १९७३ सालीं तबकडीरूपानें लोकांपुढें ठेवला. दोन्ही वेळीं श्रोत्यास फळ मिळालें; झाड दिसलें नाहीं.

आतां तें झाडहि दिसूं लागलें आहे. वादक लूप-स्टेशनच्या पेटींत ठेका भरतो, कळ दाबतो, आणि ठेका आपोआप आवर्तनें घेऊं लागतो. त्यावर खर्जाची ओळ, तिच्यावर गळा. बॉस कंपनीच्या २०१३ सालच्या आर-सी ५०५ या पेटींत असे पांच थर राहतात. मार्क रेबिये हा अमेरिकन गवई अशीच पेटी टेबलावर मांडून, अंगांत झगा घालून, घरांतूनच गाऊं लागला आणि प्रसिद्धीस आला. त्याच्या घरच्या चित्रफितींत कॅमेरा बहुधा एकाच जागीं खिळलेला असतो. कोणी यास दारिद्र्य म्हणतील. मी यास या कलेचें व्याकरण म्हणतों.

कारण येथें डोळा आणि कान यांचें नातें विलक्षण आहे. एरव्हीं हात थांबला कीं नाद थांबतो. येथें हात थांबतो आणि नाद चालूच राहतो. तबल्याच्या साथीस लेहरा धरणारा सारंगिया तेंच आवर्तन तासभर वाजवितो, पण तें दर फेरीस नव्यानें जन्मतें. यंत्रांतील आवर्तन एकदांच जन्मतें. तो जन्म प्रेक्षकानें पाहिला, तरच पुढें निश्चल हातांमागून उठणाऱ्या घोषाचा त्यास आनंद होतो. त्या क्षणीं चुटकी व तिचा आवाज यांत फट पडली, कीं हा गृहस्थ वाजवितो आहे कीं वाजविल्याचें सोंग आणतो आहे, असा संशय मनांत शिरतो.

फट पडते ती अशी. कॅमेऱ्याचा कान खोलीचा प्रतिध्वनि टिपतो, म्हणून पेटींतला नाद तारेनें निराळा मुद्रित करून मागाहून चित्रास जोडतात. आरंभीं टाळी वाजवून दोहोंची सांगड घालावी, ही बोलपटवाल्यांची जुनी युक्ति. टाळी मात्र गाण्याच्या मायक्रोफोनपुढेंच वाजवावी. दूर वाजविली तर ती पेटीपर्यंत नीट पोंचत नाहीं. इतकेंहि पुरत नाहीं. दोन यंत्रांचीं घड्याळें एका चालीचीं नसतात. दशलक्षांत ५० भागांचा फरक असला, तरी मिनिटास सेकंदाचे ३ सहस्रांश, म्हणजे २० मिनिटांत ६० सहस्रांश अंतर पडतें. सेकंदास २५ चौकटींच्या चित्रांत ही दीड चौकट झाली. म्हणजे पहिला ठेका बिनचूक दिसतो, आणि ज्या थरासाठीं सारा खटाटोप, तो शेवटचा गळ्याचा थरच ओठांपासून सुटतो! यास्तव शेवटींहि एक टाळी वाजवावी, व दोन टाळ्यांमधील नाद किंचित ताणून किंवा आवळून घ्यावा.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीप्रमाणें नाद चित्राच्या सुमारें ४५ सहस्रांश पुढें गेला तर ध्यानांत येतो. मागें राहिला तर १२५ पर्यंत खपून जातो. पैलतीरावरच्या धोब्याचा हात आधीं दिसतो, आवाज मागून येतो. आमच्या इंद्रियांस ती संवय आहे. तेव्हां चुकायचेंच तर मागें चुकावें.

एका प्रघातास मात्र माझा विरोध आहे. थर सुटे टिपून मागाहून त्यांचा तोल बदलतात, फसलेला ठेका काढून नवा बसवितात. वादकानें जो तोल ऐकून पुढचा स्वर निवडला, तोच मग श्रोत्यास ऐकूं येत नाहीं. चित्रांतील मनुष्य निराळ्याच संगीतास उत्तर देत असतो. घरघर गाळावी, आवाज थोडा चढवावा. याहून अधिक करावयाचें असेल तर लेस पॉलप्रमाणें सरळ तबकडी काढावी. तीन-तीन कॅमेरे लावणारांनींहि कळ दाबली जात असतांना चित्र हातांवरच ठेवावें. मुखदर्शन दुसऱ्या फेरीस घडवावें. तेव्हां हात मोकळेच असतात.