भोपळ्यातलं रक्त आणि बूर्बोंचं वाय गुणसूत्र

दोन संशयास्पद वस्तू एकमेकींच्या खरेपणाची साक्ष देऊ शकतात का? २०१२ च्या अखेरीस आलेल्या एका पेपरचं उत्तर 'हो' होतं. ते उत्तर कसं कोसळलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिली वस्तू म्हणजे इटलीतल्या एका कुटुंबाकडे असलेला वाळवलेला भोपळा. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मंडळींची चित्रं आणि मजकूर त्यावर कोरलेला. २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, तेव्हा बुर्दालू नावाच्या माणसाने त्याच्या रक्तात रुमाल बुडवला आणि तो या भोपळ्यात ठेवला, असं तो मजकूर सांगतो. रुमाल आता नाही, आत डाग आहेत. दुसरी वस्तू म्हणजे चौथ्या हेन्रीचं म्हणून दाखवलं जाणारं, ममीसारखं टिकलेलं डोकं. सँ-दनीची राजघराण्याची थडगी १७९३ मध्ये उकरली गेली, त्या गोंधळात ते बाहेर आलं असं म्हणतात.

डागांमधून निघालेलं वाय गुणसूत्र जी२ए या हॅप्लोग्रुपचं होतं. डोक्यातून मिळालेला डीएनए अगदी तुटपुंजा, तुलनेला आलेल्या खुणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या बहुतांशी जुळल्या आणि निष्कर्ष निघाला: दोघं एकाच पितृवंशातले, म्हणजे रक्त लुईचं आणि डोकं हेन्रीचं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, त्यामुळे कल्पना चुकीची नव्हती. पण बूर्बों घराण्याचं खरं वाय गुणसूत्र कसं आहे, हे बाहेरून कुणी तपासलंच नव्हतं! अमुक सही खरी आहे हे ठरवायला तुम्ही नमुन्याची सही मागता, दुसरी शंकास्पद सही नाही.

बरं, नमुना दुर्मीळ होता असंही नाही. हे घराणं फ्रान्सबाहेर भरपूर पसरलंय. चौदाव्या लुईचा नातू १७०० मध्ये पाचवा फिलिप म्हणून स्पेनच्या गादीवर गेला, त्याच्या मुलापासून इटलीतली पार्माची शाखा निघाली. चौदाव्या लुईच्या धाकट्या भावापासून ऑर्लेआँची शाखा. तिच्यातल्या गास्तोंने १८६४ मध्ये ब्राझीलच्या सम्राटाची मुलगी इझाबेल हिच्याशी लग्न केलं आणि ऑर्लेआँ-ब्रागांसा हे ब्राझिली घराणं सुरू झालं.

लार्म्यूझो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकं हेच वापरलं. पार्मा शाखेतले दोन आणि ब्राझिली शाखेतला एक असे तीन हयात पुरुष. तिघंही आर१बी मधल्या एकाच उपशाखेचे, बाकीच्या खुणाही एकमेकांच्या अगदी जवळच्या. जी२ए कुणीच नाही.

'फक्त तीनच माणसं?' असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी तेच वाटलं, कारण आर१बी पश्चिम युरोपात जागोजागी सापडतो. पण कागदावर वंशावळ काढून बघा. पार्मा आणि ब्राझील या शाखांचा सामायिक पुरुष पूर्वज थेट तेरावा लुई, म्हणजे हेन्रीचा मुलगा. आता भोपळा आणि डोकं दोन्ही खरं धरा. मग हेन्रीपासून सोळाव्या लुईपर्यंत सगळे जी२ए असायला हवेत, आणि वाटेत फुटलेल्या दोन्ही शाखांमध्ये कधीतरी, स्वतंत्रपणे, कागदावरचा बाप खरा बाप नसायला हवा. वर दोन्हीकडच्या परक्या पुरुषांचं वाय गुणसूत्रही जवळपास सारखंच निघायला हवं. असं होणं जवळपास अशक्यच. इथे नमुन्याची संख्या नाही, शाखा कुठे फुटतात ते महत्त्वाचं. पेपरची सगळी ताकद या निवडीत आहे.

एक फट मात्र राहते. भोपळ्यातलं रक्त खरंच लुईचं आहे, पण ग्रँड डोफँ आणि सोळावा लुई यांच्या मधल्या एखाद्या पिढीत बाप वेगळा होता, असं झालं तर? वाय गुणसूत्र त्यावर काही बोलू शकत नाही. ती फट २०१४ मध्ये त्याच रक्ताच्या पूर्ण जीनोमने बरीचशी बुजवली. लुईची आई सॅक्सनीची, आजी पोलंडची, म्हणजे पूर्वजांमध्ये जर्मन आणि पोलिश लोकांचा भरणा. रक्तातला जीनोम मात्र इटालियन लोकांच्या जवळ जाणारा. चित्रांत निळ्या डोळ्यांचा दिसणारा राजा जीनोममध्ये बहुधा तपकिरी डोळ्यांचा. आणि हे सांगणाऱ्यांत भोपळ्याचा मूळ अभ्यास करणारेही होते, हे मला विशेष आवडलं.

२०१३ च्या पेपरबद्दल माझी एकच तक्रार आहे. शीर्षकात दोन्ही राजांचे अवशेष एकाच दमात नाकारलेत, पण दोघांविरुद्धचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. तपासलेल्या शाखा तेराव्या लुईपासून खाली येतात, हेन्री त्याच्या वर आहे. त्या एका पिढीत पितृत्व तुटलं असेल, तर डोकं जी२ए असूनही हेन्रीचं असू शकतं. अर्थात ते हेन्रीचं मानायला डीएनएचा जो आधार दाखवला होता, तो भोपळ्याशी जुळण्याचाच होता, आणि भोपळा तर गेला.