चकवा आणि ट्रोल

आंतरजालावर टोपणनावाआडून वाद पेटविणाऱ्याला ‘ट्रोल’ म्हणतात. या शब्दाचे मूळ काही जण मासेमारीत, पाण्यातून गळ ओढीत नेण्यात शोधतात. पण लोकांच्या मनात बसला आहे तो नॉर्वेच्या लोककथांतला ट्रोल. आस्ब्यर्नसेन आणि मू यांनी १८४१ पासून प्रसिद्ध केलेल्या कथांपैकी एकीत तो पुलाखाली दबा धरून बसतो आणि वरून जाणाऱ्या बोकडांना खायला उठतो.

मराठीत आपण त्याचा सरसकट राक्षस करून टाकतो. हे मला पटत नाही. राक्षसाला भूक असते, ती भागली की कथा संपते. आमच्या आष्ट्याच्या शिवारात लहानपणी ऐकलेला चकवा याहून जवळचा. तो खात नाही, मारीत नाही. रात्री वाट चुकवून माणसाला उजाडेपर्यंत त्याच बांधाभोवती फिरवितो. एका अभंगाच्या पाठभेदावरून अशाच एका निनावी गृहस्थाला मी रात्रभर उत्तरे देत राहिलो. प्रत्येक उत्तरानंतर पुन्हा पहिलाच प्रश्न! चकवा लागला की चालू नये, जागीच बसावे, असे जाणती माणसे सांगत. मी आपला चालतोच आहे.

मात्र ही उपमा एका जागी फसते. चकव्याला नाव नसते, घर नसते. माझा चकवा पुढे ओळखीचाच निघाला. बाजारात भेटला की हसून नमस्कार करणारा. त्याला भूत म्हटले की तो सुटतो, आणि मीही सुटतो. कारण त्या रात्री मी त्याला जे लिहिले, ते बाजारात तोंडावर बोललो नसतो.